कोण नाही म्हणतंय ते वाच

माले गावातल्या त्या घरात ‘नाही’ हा शब्द आबांच्या मालकीचा होता. वापरायचे मात्र सगळेच. आमटीत गूळ घालू का? आबांना चालायचा नाही. दाराला निळा रंग देऊ या का? आबांना खपायचा नाही. टीव्हीचा आवाज जरासा वाढवू? आबा काय म्हणतील! आबा तिकडे ओसरीवर रेडिओ कानाशी धरून बसलेले असायचे आणि आपल्या नावावर आत काय काय नाकारलं जातंय, याचा त्यांना पत्ताही नसायचा. किंवा असेलही. त्यांच्या तोंडावरून काही कळत नाही, असं सगळे म्हणत. मी तरी त्यांच्या तोंडाकडे कधी पाहिलं होतं? वहाणा, धोतराचा काठ आणि खोकला, एवढेच आबा मला कितीतरी दिवस माहीत होते.

मी परभणीकडची. नववीत शाळा सुटली. कुणी सोडायला लावली असं नाही. शाळा दुसऱ्या गावाला होती, सोबत येणारी मुलगी लग्न होऊन गेली आणि एकटीनं कसं जायचं यावर घरात बोलणं चालू असतानाच वर्ष संपलं. आमच्याकडे बऱ्याच गोष्टी अशाच ठरतात, बोलणं चालू असताना. पुढं एका लग्नात मावशी भेटली. ती मुळशीत दिलेली, पौडाच्या पुढे माल्याला. मला भांडी घासताना बघून ती आईला म्हणाली, “हिला माझ्याकडं दे. तिकडं काहीतरी होईल हिचं.” हे ‘काहीतरी’ म्हणजे काय ते तिलाही माहीत नव्हतं. पण त्या एका वाक्याचे उपकार मी आजपर्यंत वाहते आहे. एसटीत बसवताना आईनं पिशवीत ज्वारीचं पीठ दिलं, जसं काही पुण्याकडची माणसं ज्वारी बघायला तरसलेली आहेत.

तरसलेली नव्हती, पण घरात भाकरी तांदळाची होती. आधी पिठाची उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, बोटं पोळली तरी थांबायचं नाही आणि मग पाण्याच्या हातानं थापायची. ज्वारीवर तयार झालेल्या माझ्या हाताखाली ती भाकरी काठानं फाटायची, कधी मधोमध. मावशीच्या सासूबाई चुलीजवळच्या पाटावर बसून बघत असायच्या. त्यांना घरात आणि गावातही सगळे बाईच म्हणत. एक दिवस त्यांनी माझी भाकरी उजेडाकडे धरली. “परभनीचा नकाशा काडलास व्हय गं?” झालं. त्या दिवसापासून माझं नाव परभनी पडलं. ए परभनी, पानी आण. ए परभनी, कोंबड्या कोंड. माझं बोलणंही त्यांना नवलाचं होतं. मी ‘का’ऐवजी “कामून” म्हटलं की बाई पदर तोंडाला लावून हसायच्या आणि शेजारणीला बोलावून मला परत म्हणायला लावायच्या. मी म्हणायची. आश्रिताला दुसरं काय करता येतं? ताटात खेकड्याचं कालवण आलं तेव्हाही मी असंच हसून खाल्लं. नांग्या माझ्याकडे रोखून बघतायत असं वाटत होतं.

या घरातली एक रीत समजून घेतल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. मावशी तिच्या सासऱ्यांशी, म्हणजे आबांशी, बोलत नसे. भांडण वगैरे काही नाही. सुनांनी मामंजींशी समोरासमोर बोलायचं नाही, एवढंच. काही सांगायचं असेल तर बाईंना सांगायचं. बाई ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत जाणार, ते आबांना सांगणार आणि उत्तर घेऊन आत येणार. मावशीचे यजमान, म्हणजे काका, आबांचे सख्खे चिरंजीव. पण तेही म्हैस आणि पाऊसपाणी सोडून काही महत्त्वाचं असेल तर बाईंच्याच तोंडून बोलत. आणि बाई म्हणजे काही टपाल नव्हतं, दिलं तसं पोचवायला. त्यांची स्वतःची बोली होती. मावशी म्हणायची, “मामंजींना सांगा, गॅस संपत आलाय.” बाई उंबऱ्यावर जाऊन म्हणायच्या, “अवो, सरपान वाळलंय का बगता का जरा?” आबा उठून लाकडं बघायला जायचे, ओली आहेत म्हणून चिडायचे आणि काकांना हाक मारून गॅसची टाकी आणायला सांगायचे. हे कसं व्हायचं ते मला तेव्हा कळलं नाही. आताही नीट कळलं आहे असं नाही.

शिवाय बाईंना सांगण्याचीही पद्धत. एकदम मुद्द्यावर यायचं नाही. आधी म्हशीची चौकशी, मग कासारसाईला दिलेल्या सुमनताईची, म्हणजे बाईंच्या लेकीची. मग आपलं म्हणणं. क्रम चुकला की बाई “काय म्हंतीस काय कळंना बया मला” म्हणून सरळ कोंबड्यांना दाणे टाकायला उठायच्या. मी काही त्या घरची सून नव्हते, ही रीत मला लागू नव्हती. पण मी मावशीची म्हणून आले होते, तेव्हा मावशीला जे लागू ते मला लागू, असं मी आपलं ठरवून टाकलं. भीतीपोटी माणूस न सांगितलेले नियमही पाळतो. मला चहा नको असला तरी ते मी मावशीला सांगायची, मावशी बाईंना, आणि तोवर चहा होऊन पुढ्यात यायचा.

काका हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. त्यांच्या बसला बावधनहून एक खडतकर सर असायचे, मूळचे यवतमाळकडचे. त्यांच्या कंपनीनं जुने कम्प्युटर भंगारात काढले, ते सरांनी घेतले आणि पौडात खतांच्या दुकानाच्या माडीवर शनिवार-रविवारचा क्लास काढला. काकांनी मला तिथे घातलं. माल्याची वैशालीही यायची म्हणून सोबतीचा प्रश्न मिटला आणि बोलणं फार न लांबता ठरलं. खालून कीटकनाशकाचा वास जिन्यावरून वर यायचा. आजही शेती औषधांच्या दुकानासमोरून जाताना मला काळ्या पडद्यावरचं डॉलरचं चिन्ह दिसतं.

कारण आमच्या क्लासात दुसरं काही दिसायचंच नाही. सरांनी त्या जुन्या यंत्रांवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टिम चढवली होती; चित्रं, खिडक्या, माउस असलं काही पेलण्याची त्या यंत्रांची ताकद नव्हती. काळा पडदा, डॉलरचं चिन्ह आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे, बोला. पण काय बोला? मी एकेक अक्षर शोधून दाबायची, एंटर मारायची आणि खाली इंग्रजीत एक ओळ उमटायची. ओळ उमटली की मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायची आणि गप्प बसायची. आपल्याला नाही म्हटलंय हे कळायला मला इंग्रजी लागत नव्हतं.

सर मागे येऊन उभे राहायचे. “काय झालं?”

“नाही म्हणतंय, सर.”

“कोण?”

“कम्प्युटर.”

“काहून?”

“माहीत नाही. इंग्रजीत आहे.”

“अगं, मग वाच ना बाप्पा!” सर कपाळाला हात लावायचे. “इंग्रजी काय चावून राहिलं का तुला? एकेक अक्षर वाच. कोण नाही म्हणतंय ते वाच आधी.”

हे दर क्लासला व्हायचं. मी चिडायची, पण आतल्या आत. आधीच घरात एवढी माणसं ओलांडून पलीकडे शब्द पोचवायचा, आणि इथे हे यंत्र, तेही मेलं आडून बोलणारं. त्यातून गंमत अशी की तेच शब्द कॅपिटल अक्षरांत दाबले तर त्याला ओळखू यायचे नाहीत. मी चुकून कॅप्स लॉक दाबून ठेवलं होतं आणि अर्धा शनिवार यंत्र मला एकच ओळ ऐकवत राहिलं. वैशाली शेजारून म्हणाली, “माझ्या आज्जीचं बरं, एका कानानं तरी ऐकू येतंय तिला.”

एका रविवारी सरांनी फळ्यावर एक मोठा गोल काढला आणि त्याच्याभोवती दुसरा. आतल्या गोलाला म्हणाले, ही खरी सिस्टिम, हिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, सगळ्याचा कारभार याच्याकडे. “पण तुम्ही याच्याशी कधीच बोलत नाही. आजवर एकदाही बोलले नाही.” मग बाहेरच्या गोलावर खडू आपटला. “तुम्ही बोलता हिच्याशी. ही शेल. दारात बसलेली. तुमचं ऐकते, तिला समजलं तर तिच्या पद्धतीनं आत सांगते, आतून जे येते ते तुम्हाला बाहेर सांगते. तो डॉलर आहे ना, तो कम्प्युटर नाही. ती शेल बसून आहे तिथं.”

सगळी मुलं कंटाळून खाली बघत होती. मला मात्र हसू आलं. फळ्यावर सर बाईंचं चित्र काढत होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. “तुला काय झालं?” सरांनी विचारलं. मी मान खाली घातली. काय सांगणार? आमच्याकडे ही दारात नऊवारी नेसून बसते म्हणून?

मग त्यांनी माझ्याच यंत्रावर दाखवलं. एक चुकीचा शब्द दाबला. खाली आलं, ‘कमांड नॉट फाउंड’. “हे कोण बोललं? शेल बोलली. तिनं तिच्या ओळखीच्या जागा पाहिल्या, त्या नावाचं काही दिसलं नाही, म्हणून दारातूनच परत पाठवलं. तुमचं काम आत गेलंच नाही.” मग त्यांनी त्यांच्या स्वतःच्या नावाची एक फाइल उघडायला मला सांगितलं. खाली आलं, ‘परमिशन डिनाइड’. “आणि हे? हे आतून आलं. आतल्यानं ऐकलं, फाइल कोणाची ते पाहिलं, आणि नाही म्हणाला. शेल नुसती सांगून राहिली. दोन्हीले तू ‘नाही म्हणतंय’ म्हणते. पण दोन्ही ‘नाही’ एकच आहेत का? पहिल्यात शब्द सुधरवायचा. दुसऱ्यात ज्याची फाइल आहे त्याची परवानगी आणायची. हात मांडीवर ठेवून दोन्हीत काही होत नाही.”

हा धडा मी आजही नाही म्हटलं तरी रोज वापरते. ऑफिसातली नवी पोरं फोन हातात घेऊन येतात, “ताई, चालत नाहीये.” मी म्हणते, वाच. ती वैतागतात. वैतागू देत, मीही वैतागत होते.

त्याच सुमाराला सुमनताईचं बाळंतपण निघालं आणि बाई कासारसाईला गेल्या. त्यांच्या जागी दारात मावशीची थोरली जाऊ आली; बाई नसताना उंबऱ्याआडून बोलायची मुभा थोरल्या सुनेला होती. या काकू स्वभावानं तुटक. त्यांच्याकडे म्हशीची चौकशी करायला गेलं तर म्हणायच्या, “कामाचं बोल.” बाईंना जे चालायचं ते यांना चालेना, यांना जे चालायचं ते बाईंना उद्धट वाटलं असतं. मावशीला आणि मला परत पहिल्यापासून शिकायला लागलं, आणि आम्ही दोघी चरफडत शिकलो. पण ओसरीवरचे आबा तेच होते. सरपणाला तेच चिडायचे, टाकी तशीच यायची. आणि योगायोग म्हणा, त्याच आठवड्यात सरांनी क्लासात एक शब्द दाबला आणि डॉलरच्या जागी टक्क्याचं चिन्ह आलं. वरच्या बाणाचं बटण दाबलं की आधीची ओळ परत यायची, ती येईना. नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटू लागली. मुलं घाबरली. वैशाली ओरडली, “सर, माझं सगळं गेलं!” सर म्हणाले, “काही गेलं नाही. मी दुसरी शेल बसवली. दार बदललं, घर तेच आहे. आपली फाइल पहा.” पाहिली. होती.

तरी मुलं कमी होत गेली. पिरंगुटला रंगीत पडद्याचा क्लास निघाला होता, तिथे माउस होता. वैशालीही तिकडे गेली. “तुझ्याकडं नुसतं काळं,” ती म्हणाली, “आमच्याकडं कचऱ्याचा डबासुदीक चित्रातला हाय.” मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खरंच चिडले. “ते पण दारच आहे ना बाप्पा! रंगवलेलं आहे एवढंच. डब्यावर बोट ठेवलं म्हणजे काय हातानं कचरा टाकला का? आतल्याला सांगणं वेगळं, ऐकणारा तोच.” शेवटी वर्गात मीच उरले आणि दोन-तीन मुलं, ज्यांना पिरंगुट लांब पडत होतं.

भातकापणी उरकत आली होती तेव्हा दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. आधी काकांच्या मोबाइलवर माझ्या वडिलांचा निरोप: एक स्थळ आलंय, मुलाकडचे घाईत आहेत, पोरीचं तिकडं काही लागलं नसेल तर मार्गशीर्षात तिला पाठवून द्या. आणि त्याच शनिवारी सरांनी विचारलं, “बावधनला माझ्या मित्राचं ऑफिस आहे. लोकांचे सर्व्हर सांभाळतात. दिवसभर काळ्या पडद्यासमोर बसून राहायचं, काही वेगळं दिसलं तर वाचायचं आणि सांगायचं. माउसवाली पोरं ढीगभर मिळून राहिली, याला न घाबरणारं कोणी मिळत नाही. नववी चालते, मी शब्द टाकतो. करते का?” न घाबरणारी! मी तर सगळ्यालाच घाबरत होते. त्यात हा पडदा वेगळा काढून घाबरण्यासारखा उरला नव्हता, एवढंच. “पुढच्या रविवारी सांग,” सर म्हणाले. “तो जास्त थांबणार नाही.”

आता विचारायचं कोणाला? वडिलांनी मला आबांच्या शब्दावर ठेवलं होतं. पोर तुमच्या पदरात, असं ते बोलून गेले होते. तेव्हा रोज बावधनला जाऊन यायचं तर आबांची परवानगी हवी. काका म्हणाले, “बाईला सांग.” बाई कासारसाईहून परतल्या होत्या. मी म्हशीपासून सुरुवात केली. सुमनताईच्या बाळाचं जावळ, त्याची शी, त्याचं नाक कुणावर गेलंय, सगळं झालं, आणि मग नोकरीचं सांगितलं, आणि स्थळाचंही. बाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत असताना त्या पाटावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “न्हाई जमायचं गं.” झालं. मी हात पिठातून काढून मांडीवर ठेवले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कोणावर चिडायचं तेही कळत नव्हतं. आबांवर चिडायची माझी छाती नव्हती. मावशीवर चिडावं तर ती माझ्यापेक्षा गरीब. म्हणून मी म्हशीवर चिडले, ओल्या सरपणावर चिडले, परभणीवर चिडले. मावशी सारखं म्हणायची, “चांगलं स्थळ आहे गं, घरचं पाणी आहे त्यांच्याकडं.” जसं काही मी तहानेनं व्याकूळ होते. शनिवारी क्लासात गेले ती सरांना नाही सांगायलाच. यंत्रापुढे बसले, सवयीनं काहीतरी चुकीचं दाबलं, ओळ उमटली आणि सर मागून म्हणाले, “कोण म्हणून राहिलं?” मी म्हटलं, “शेल, सर.” आणि तिथेच माझे हात थांबले. कारण मला बाईंचे शब्द आठवले. न्हाई जमायचं. एवढंच. ज्या घरात आमटीतला गूळसुद्धा आबांच्या नावावर नाकारला जायचा, तिथे एवढ्या मोठ्या गोष्टीत आबांचं नाव आलंच नव्हतं. मी सरांना म्हटलं, “उद्या सांगते.”

घरी आले तर बाई परसात नव्या तांदळाचे कणी-कोंडे पाखडत होत्या. मावशी शेजारी भांडी विसळत होती. मी म्हशीला वगळलं, बाळालाही वगळलं.

“बाई, आबा नाही म्हणाले, का तुम्ही?”

मावशीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. बाईंचं सूप थांबलं नाही. “त्ये न्हाई म्हनले, आसं मी म्हनले का?”

“नाही. जमायचं नाही म्हणालात.”

“मग?”

“म्हणजे तुम्ही विचारलंच नाही?”

“न्हाई इचारलं.”

मला रडू आणि राग एकदमच आला. “कामून नाही विचारलं, बाई? मी काय म्हैस मागू लाले का?”

एरवी ‘कामून’ला हसल्या असत्या. हसल्या नाहीत. सूप मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, “आमच्या सुमनला सातवीनंतर पौडाला धाडायची हुती. लई हुशार पोर. मी इचारलं. त्या दिशी शेजाऱ्यानं बांध कोरल्याला, मानूस तापून आल्याला. न्हाई म्हनले. मागनं त्येंचं त्येंनाच वाटलं आसंल, पर एकडाव तोंडातनं गेलं. त्येंच्या न्हाईवर कोन जानार? त्ये सोताबी जात न्हाईत. ऱ्हायली पोरगी घरात. तवापास्नं मी आदी येळ बगते. बरी दिसली न्हाई तर माज्या तोंडानंच न्हाई म्हनते. आतनं न्हाई यायपरीस दारातनं आल्यालं बरं, पुन्ना इचारता तरी येतंय.”

इतके दिवस मी जिला अडसर समजत होते, ती माझा प्रश्न जिवंत ठेवून बसली होती. पण वैताग काही गेला नाही. सरांचा मित्र थांबणार नव्हता. मी म्हटलं, “उद्या सांगायचंय हो बाई.”

“उद्या?” बाईंनी ओसरीकडे कान दिला. आबांच्या खोकल्याचे प्रकार त्यांना कळत. “मग तू इचार.”

“बाई!” मावशी म्हणाली.

“व्हय. ती काय हितली सून हाय? तिला कुनी आडवलंय? मी उंबऱ्यावर गेले की त्येंचं न्हाई तयारच आसतंय. माजं इचारनं त्येंच्या वळकीचं झालंय. जा. आन म्हशीचं काय बोलू नगंस, त्येंना ठावं हाय.”

ओसरी म्हणजे पाच-सात पावलं. आबा वाखाचा दोर वळत बसले होते, शेजारी रेडिओवर बाजारभाव चालू. मी समोर उभी राहिले आणि एका दमात म्हणून टाकलं, “आबा, मला बावधनला नोकरी मिळतीय. कम्प्युटरवर. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. जाऊ का?”

आबांनी रेडिओ बंद केला. मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. भुवया पांढऱ्या, डोळे अगदी बारीक, आणि त्या डोळ्यांत माझ्याइतकाच गोंधळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि मान आत वळवून हाक मारली, “अगं ए!”

बाई उंबऱ्यावर आल्या, हात पुसत.

“ही काय म्हंतीया बग.”

मी आत्ताच, याच जागी, याच माणसाला सांगितलं होतं! बाईंनी तोंड अगदी सरळ ठेवून मला विचारलं, “काय गं?” मी बाईंना सांगितलं. बाईंनी आबांना सांगितलं, “बावधनला नोकरी लागतीया म्हंती.”

“परत यायला गाडी कवा म्हनावं?”

“कवा गं गाडी?”

“अंधार व्हायच्या आत पौडात उतरते.”

“उजेडात पौडाला येती म्हंती.”

“आन पौडापास्नं म्होरं?”

“पौडापासून वडापची जीप आहे, बाई, फाट्यापर्यंत.”

“वडाप हाय म्हंती. भरल्यालं आसतंय, बायामान्सं आसत्यात.” बायामाणसांचं मी काही बोलले नव्हते.

आबांनी दोराला एक पीळ दिला. “आन हिच्या बापाला काय सांगायचं?”

हा मात्र बाईंनी माझ्याकडे वळवला नाही. खरं तर हाच एक प्रश्न होता. गाडी, जीप सगळं याच्या अलीकडचं. मी म्हणाले, “सांगा, पोरगी माल्यातच आहे.”

बाई म्हणाल्या, “बापाला म्हनावं, पोर आमच्याच घरात हाय, कामाला लागलीया, मार्गशीर्षाचं म्होरं बगू. तुमचाच शबुद हाय म्हंती, तुमीच सांगा.”

आबा खोकले. हा खोकला मला ओळखू आला नाही. बराच वेळ चालला. मग ते दोर उचलून म्हणाले, “बगा काय त्ये.”

बाई तात्काळ माझ्याकडे वळल्या. “जा म्हनले.”

मी तिथेच उभी होते. माझे कान शाबूत होते. ‘जा’ असं कोणी म्हटलं नव्हतं. मी आबांकडे पाहिलं. बाईंचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं, आणि त्यांनी रेडिओ लावला.

खडतकर सरांनी मला कोण नाही म्हणतंय ते वाचायला शिकवलं. होय कोण म्हणतंय, हे त्यांनी शिकवलं नव्हतं आणि मीही खोलात गेले नाही. रविवारी होकार कळवला. पहिल्या दिवशी बाईंनी दोन भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या, माझ्या हातच्या, एक नकाशासारखीच. दिवसभर बावधनच्या त्या थंड खोलीत मी डॉलरच्या चिन्हापुढे बसून राहिले, एकेक ओळ वाचत, हात मांडीवर न ठेवता. संध्याकाळी वडापमधून फाट्यावर उतरले तर कडेच्या दगडावर आबा बसलेले. हातात काठी, बगलेत रेडिओ. मला बघून उठले आणि काही न बोलता पुढे चालू लागले. मी मागून. वाटेत एकदाही वळून पाहिलं नाही त्यांनी, पण माझी पावलं मागे पडली की त्यांचीही हळू व्हायची. ओसरीवर आल्यावर काठी भिंतीला टेकवली आणि आत तोंड करून म्हणाले, “अगं ए, आली ती. भूक लागली आसंल. ताट वाड म्हनावं.”

मी त्यांच्या पाठीशीच उभी होते. बाई उंबऱ्यावर आल्या आणि मला म्हणाल्या, “भूक लागलीया का म्हंत्यात.”

“होय म्हणावं,” मी म्हटलं.